आजीचं 'कामून' आणि नातीची दुरुस्ती

पुण्यात बारा वर्षं राहणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं हे पत्र. माहेर परभणी जिल्ह्यातलं, नवरा पुण्याचाच, मुलगी आठ वर्षांची, शाळा मराठी माध्यमाची. गेल्या वर्षी वडील वारले आणि आई कायमची राहायला आली. नात दिवसभर आजीच्या मागे मागे असते. तिच्या तोंडात हळूहळू 'कामून', 'काय करायलीस', 'लेकरू' असे शब्द बसले. पालकसभेत बाई म्हणाल्या, "घरी शुद्ध बोलत जा, हिच्या बोलण्यात गावठी यायला लागलंय." नवऱ्याने सुचवलं, "आईंना जरा सांगून बघ." मैत्रिणीला ते सांगवेना. पण एक दिवस मुलीनेच ते काम करून टाकलं. तिच्या मैत्रिणी खेळायला आल्या होत्या, आजीने काहीतरी विचारलं, तर ही म्हणाली, "कामून नाही गं आजी, 'का' म्हणायचं." पोरी हसल्या. तेव्हापासून घरी कुणी आलं की आई आतल्या खोलीत जाऊन बसते.

मैत्रीण स्वतः ऑफिसात एक मराठी बोलते आणि आईशी दुसरी. एकदा तिचं फोनवरचं बोलणं कानावर पडलेला सहकारी म्हणाला, "तू तर वेगळीच बाई वाटलीस." ते वाक्य तिच्या डोक्यातून जात नाही. बारा वर्षं आपण सोंग घेतलं असं तिला वाटतं. तिचे प्रश्न दोन आहेत. मुलीचं नुकसान होऊ नये म्हणून आईला बोलणं बदलायला सांगू का? आणि माझी खरी भाषा कोणती?

*

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ओळीपाशी थांबले. 'घरी कुणी आलं की आई आतल्या खोलीत जाऊन बसते.' तुम्ही ती ओळ ओघात लिहून पुढे गेलात. तुमचे प्रश्न मुलीबद्दल आणि स्वतःबद्दल आहेत. पण या सगळ्यात ज्या माणसाचं खरोखर काही हिरावलं गेलंय, त्या तुमच्या आई आहेत. नवरा गेला, गाव सुटलं, आणि आता बोलणंही. त्यांच्याकडे मी शेवटी पुन्हा येईन. त्याआधी बाईंच्या तोंडून आलेल्या आणि तुम्ही मुकाट्याने मान्य केलेल्या एका शब्दाबद्दल बोलायला हवं. तो शब्द म्हणजे 'शुद्ध'.

माझं माहेर वऱ्हाडातलं. शिकायला शहरातल्या वसतिगृहात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या रांगेत मी 'मले पानी द्या' म्हणाले आणि मागच्या मुली हसल्या. त्या दुष्ट नव्हत्या, पुढे त्यातल्या दोघी माझ्या जिवाभावाच्या झाल्या. पण त्यानंतर कितीतरी महिने मी प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून मग बोलत असे. वर्गात उत्तर येत असूनही हात वर करत नसे. 'पाणी' म्हणायला मी दोन दिवसांत शिकले. हात वर करायला मला वर्ष लागलं. म्हणून तुमच्या मुलीच्या शब्दांची मला काळजी वाटत नाही, तिच्या घरातल्या हसण्याची वाटते.

त्याच 'पानी'ची गोष्ट पुढे मला कळली आणि माझा बराच राग निवळला. संस्कृतात शब्द आहे 'पानीय', त्यात 'न' आहे. महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे मराठीच्या पूर्वज भाषेत, बहुतेक सगळ्या 'न'चा 'ण' झाला, त्यातून आपलं 'पाणी' आलं. म्हणजे मुळाशी जवळ असणं हीच शुद्धता मानली, तर 'पानी' म्हणणारी वऱ्हाडातली बाईच जास्त शुद्ध ठरेल! हिंदीत 'पानी' हेच प्रमाण रूप. तिथे ते वृत्तनिवेदकाच्या तोंडी शोभतं आणि इथे 'न' उच्चारणारा माणूस अडाणी ठरतो. आवाज तोच, जीभ टाळूला लावायची जागा तीच. बदलतो तो फक्त ऐकणारा समाज.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. विल्यम लबाव्ह नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९६२ साली न्यूयॉर्कमधल्या तीन मोठ्या दुकानांत जाऊन पाहणी केली. एक दुकान श्रीमंतांचं, एक मध्यमवर्गाचं, एक स्वस्तातलं. तो विक्रेत्यांना अशा वस्तूचा पत्ता विचारायचा की उत्तर 'फोर्थ फ्लोअर' असंच यावं, आणि त्यातला 'र' कोण उच्चारतं ते टिपून घ्यायचा. श्रीमंतांच्या दुकानात 'र' सर्वांत जास्त ऐकू आला, स्वस्त दुकानात सर्वांत कमी. ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा विचारलं की लोक सावधपणे 'र' घालून उत्तर देत. आता गंमत पाहा, इंग्लंडमधल्या प्रतिष्ठित उच्चारात हाच 'र' गिळला जातो आणि तो ठळक उच्चारणारा खेडवळ समजला जातो. आवाजाला स्वतःची प्रतिष्ठा नसतेच. तो काढणाऱ्या माणसांकडे समाजात काय आहे, जमीन, शिक्षण, पद, पैसा, यावर त्या आवाजाचा भाव ठरतो.

मग आपल्या मराठीत हा भाव कसा ठरला? पेशवाईत पुणे सत्तेचं ठिकाण होतं. १८१८ साली पेशवाई गेली आणि इंग्रजांनी शाळा काढल्या. शाळा म्हणजे पुस्तकं आली, पुस्तकं म्हणजे कुठली तरी एक मराठी निवडणं आलं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालचा, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ सालचं. शिकलेला वर्ग लहान होता, बहुतांशी पुण्या-मुंबईकडचा, उच्चवर्णीय आणि पुरुष. त्यांच्या घरात जशी मराठी बोलली जात होती तिच्या आधाराने पुस्तकाची मराठी घडली. ती वाईट होती असं मी म्हणत नाही. पण ती निवडली गेली ती बोलणाऱ्यांच्या स्थानामुळे, तिच्या अंगच्या श्रेष्ठपणामुळे नव्हे, हे विसरता कामा नये. जोतीराव फुले शेतकऱ्याला कळेल अशा रोखठोक मराठीत लिहीत होते, तर विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी त्यांच्या व्याकरणाची टिंगल केली. फुले काय सांगत होते ते बाजूला राहिलं. ही रीत जुनी आहे. माणसाचं म्हणणं नको असलं की आधी त्याच्या शब्दांवर बोट ठेवायचं.

आणि 'शुद्ध' म्हणजे काय तेही ठरलेलं राहत नाही. तुमच्या आजोबांच्या वेळचं एखादं पुस्तक उघडून बघा. 'तें', 'केलें', 'नाहीं', 'मुलें' अशा ठिकाणी अनुस्वार दिसतील. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम सरकारने स्वीकारले, पुढे १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर पडली. उच्चार न होणारा हा अनुस्वार त्यात गेला. म्हणजे तोपर्यंत तो न देणं चूक होती, त्यानंतर देणं चूक ठरलं. मराठी तीच, माणसं तीच, एका नियमाने शुद्ध-अशुद्धाच्या जागा बदलल्या. मी हे उत्तरसुद्धा 'केलं', 'झालं' असं लिहितेय. काटेकोर लेखननियमांना इथे 'केले', 'झाले' हवं. पण या रूपांना कुणी गावठी म्हणत नाही, कारण ती शहरातल्या दिवाणखान्यात बोलली जातात.

आता तुमच्या आईंच्या 'कामून'कडे या. 'का म्हणून' हे बोलण्यात झिजून 'कामून' झालं. 'करतो आहे'चं 'करतोय' होतं तसंच. 'करतोय' चालतं आणि 'कामून' चालत नाही याचं व्याकरणात कारण शोधू नका, तिथे ते मिळणार नाही. 'काय करायलीस'मध्येही पक्का नियम आहे. मी करायलोय, तू करायलास, तू करायलीस, ते करायलेत. पुरुष, लिंग, वचन यांप्रमाणे रूप बदलतं आणि परभणीतलं चार वर्षांचं पोर त्यात कधी चुकत नाही. मोडक्या भाषेला असे नियम नसतात.

बोलीच्या अंगावर इतिहासाच्या खुणाही असतात. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कारभार उर्दूत, वरचं शिक्षण उर्दूत. तिथली मराठी शाळेच्या पुस्तकात कमी आणि घरात, शेतात, देवळात, जात्यावर जास्त वाढली. वऱ्हाड मध्य प्रांतांशी जोडलेला, म्हणून आमच्या 'करून राह्यलो'मध्ये हिंदीच्या शेजाराची चाहूल लागते. कोल्हापूरकडे बायका सहज 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात आणि तिथे कुणाला ते खटकत नाही. कोण कुणाच्या राज्यात होतं, कोण कुणाच्या शेजारी राहिलं, बाजार कुठे भरत होता, मुली कुठे दिल्या जात होत्या, हे सगळं बोलीत साठून राहतं. 'गावठी' या एका शब्दाने हे सगळं झाकून टाकायचं का?

उलट बाजूही आहे. समाज भाषा घडवतो तशी भाषाही समाजाच्या भिंती उभ्या करते किंवा त्यांत दार पाडते. याचं सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचं उदाहरण मला फार आवडतं. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी १९७१ साली त्यावर लिहिलं. त्या गावात जैन आणि लिंगायत घरांत कन्नड बोलत, मुसलमान उर्दू, दलित कुटुंबं मराठी. शतकानुशतकं शेजारी राहून आणि एकमेकांशी रोज व्यवहार करून या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली होती की एका भाषेतल्या वाक्यात शब्दाच्या जागी शब्द ठेवला की दुसऱ्या भाषेतलं वाक्य तयार व्हावं. पण शब्द मात्र प्रत्येकाने आपापले जपले, कारण घरातली भाषा ही आपण कोण आहोत याची खूण होती. समाजासमाजांमध्ये बोलायचं झालं की मात्र सोयीची म्हणून मराठी. म्हणजे अगदी साधा शेतकरी घरात एक, चावडीवर दुसरी, वेळप्रसंगी तिसरी भाषा बोलत होता. त्याला कुणी सोंगाड्या म्हटलं असेल का?

हे मी तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी सांगतेय. तुमची खरी भाषा कोणती, हे विचारताना तुम्ही धरून चालला आहात की खरी भाषा एकच असते आणि दुसरी उसनी असते. बारा वर्षं ज्या भाषेत तुम्ही काम केलं, भांडलात, संसार केला, मुलीला झोपवलं, ती उसनी कशी असेल? ज्या भाषेत आईची हाक ऐकलीत ती जुनी म्हणून जास्त खरी, असंही नाही. दोन्ही तुमच्या. तुमचा तो सहकारीसुद्धा साहेबांशी, आईशी आणि कट्ट्यावरच्या मित्रांशी तीन प्रकारे बोलत असणार. त्याच्या तीन तऱ्हा एकाच शहरातल्या असल्यामुळे त्या कुणाच्या कानाला लागत नाहीत, एवढंच.

पण एक प्रश्न स्वतःला जरूर विचारा. आईचा फोन यायचा तेव्हा तुम्ही जागेवरच बोलायचात की उठून जिन्यात जायचात? भाषा बदलणं वेगळं आणि भाषा लपवणं वेगळं. पहिलं प्रत्येक जण करतो. दुसऱ्याने माणूस थकतो, आणि तुमच्या पत्रात मला ती थकावट दिसली. सोंग वाटतंय ते लपवण्यामुळे. त्यावर उपाय ऑफिसात मुद्दाम परभणीची मराठी बोलणं हा नाही. जागेवर बसून, नेहमीच्या आवाजात माहेरच्या माणसांशी बोलणं हा आहे. कुणी 'वेगळीच बाई' म्हटलंच तर शांतपणे सांगा, "हो, माझ्या घरची मराठी आहे ही. छान आहे ना?" मी हे अनेकदा केलंय. पहिल्या वेळी आवाज थरथरतो, नंतर नाही.

इथे मनातलं आणखी एक सांगते. लग्नानंतर बोली बदलायची ती सुनेने. जावयाने सासुरवाडीची बोली उचलली नाही म्हणून कुणी त्याला टोकल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. वऱ्हाडातली, खानदेशातली, मालवणातली मुलगी पुण्या-मुंबईत आली की वर्षभरात तिची भाषा 'सुधारली' असं कौतुक होतं. तुमचे यजमान वाईट नाहीत, त्यांनी बाईंचं म्हणणं सरळ मनावर घेतलं. पण बारा वर्षांत तुमच्या बोलीतला एक तरी शब्द त्यांच्या तोंडी बसलाय का, हे त्यांना प्रेमाने विचारायला हरकत नाही. मुलीसमोर बाबाच आजीला "आई, चहा घ्यायलाव का?" असं म्हणाले तर त्या एका वाक्याने जे होईल ते तुमच्या दहा समजुतींनी होणार नाही.

आता मुलीचं नुकसान. तिने आजीला काय सांगितलं ते पुन्हा बघा. "कामून नाही, 'का' म्हणायचं." म्हणजे तिला 'का' येतं! दोन्ही शब्द येतात, कुठला कुठे चालतो हेही कळतं. बाईंना जी भीती आहे ती तिच्या त्या एका वाक्याने खोटी ठरवली. आठ वर्षांच्या मुलांना दोन तऱ्हा वेगळ्या ठेवणं जड जात नाही, आपल्याकडची कोट्यवधी मुलं ते रोज करतात. मधूनमधून सरमिसळ होईल, ती ओसरेल. त्या दिवशी ती एक जास्तीची गोष्टही शिकली, की यातला एक शब्द हसण्यासारखा आहे आणि तो आजीचा आहे. काम करायचं ते यावर.

यासाठी तिला रागावू नका. तिने शाळेतून आणलेलं घरात ओतलं. तिला सांगा की 'का' आणि 'कामून' दोन्ही बरोबर आहेत, एक पुस्तकातला आणि एक आजीच्या गावचा. एक वही करा, डाव्या बाजूला आजीचा शब्द, उजव्या बाजूला शाळेतला. वही नातीने लिहायची, शब्द आजीने सांगायचे. ज्या शब्दाला शाळेच्या मराठीत जोडीदारच सापडत नाही, तो वेगळ्या रंगाने लिहायचा. शेतीची अवजारं, पिकाच्या अवस्था, पावसाचे प्रकार, नात्यांतले बारकावे, असे शब्द खूप निघतील आणि उजवी बाजू रिकामी राहील. मग शिकवणारं कोण आणि शिकणारं कोण हे मुलीला आपोआप उमगेल. प्रमाण भाषाही यातून पक्की होते, कारण मूल दोन रूपं शेजारी ठेवून बघतं.

बाईंना जाऊन भेटा, भांडायला नको. त्यांच्यापुढे वर्गभर मुलं आहेत, पेपर प्रमाण भाषेत लिहायचा आहे, त्यांची घाई मी समजू शकते. त्यांना म्हणा की लेखनात प्रमाण रूप यावं यासाठी आम्ही घरी सराव घेऊ, पण तोंडी बोलण्यात तिला वर्गासमोर थांबवू नका, आणि 'शुद्ध' ऐवजी 'प्रमाण' हा शब्द वापरा. 'शुद्ध' म्हटलं की दुसरं आपोआप अशुद्ध ठरतं, आणि शुद्ध-अशुद्ध या शब्दांनी आपल्या समाजात माणसांना किती दूर ठेवलंय ते आपण जाणतो. शिक्षणहक्क कायदा २००९ सालचा आहे, त्यातही शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवण्याचं म्हटलं आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तर घरच्या भाषेचा स्पष्ट उल्लेख आहे. हे वाद घालायला सांगत नाही. तुमची मागणी जगावेगळी नाही एवढं तुमच्या मनाशी असू द्या. हजेरी घेताना मुलं म्हणतात ते 'हजर', पाठीवरचं 'दप्तर', पेनातली 'शाई', हे शब्द अरबी-फारसीतून आले आहेत हे बाईंना ठाऊक असेलच. परक्या भाषांतले शब्द वर्गात सुखाने नांदतात, तर परभणीचा एखादा शब्दही नांदेल.

प्रमाण भाषा टाकून द्या असं मात्र मी मुळीच सुचवत नाही. बोलीचा अभिमान म्हणून मुलांना प्रमाण मराठीपासून दूर ठेवणारे पालक मला भेटतात आणि मला ते पटत नाही. सावंतवाडीचा माणूस आणि गडचिरोलीचा माणूस एकमेकांशी बोलतील ते तिच्याच आधाराने. न्यायालयाचा निकाल, औषधाची सूचना, नोकरीचा अर्ज तिच्यात असतो. ती न येणं म्हणजे दाराबाहेर राहणं, आणि ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या बाहेर ठेवलं त्यांच्या मुलांना तर ती अगदी नीट यायला हवी. तशी बोलीही पूजेला ठेवण्याची वस्तू नाही. आपल्या बोलींमध्ये जातीवरून हिणवणाऱ्या म्हणी आहेत, बाईला कमी लेखणारे वाक्प्रचार आहेत. ते मुलीला द्यायचे नाहीत, हे आजीशीही मोकळेपणाने बोलता येतं. नामदेव ढसाळ, बाबुराव बागूल या दलित लेखकांच्या पिढीने दाखवून दिलं की ज्या भाषेला साहित्यात मज्जाव होता तीच साहित्याला नवं बळ देऊ शकते. हे लेखक प्रमाण मराठीही उत्तम जाणत होते.

ज्या वाचकांच्या घरी अहिराणी, आगरी, मालवणी, झाडीबोली बोलली जाते त्यांनाही हेच लागू आहे, थोड्या फरकाने. अहिराणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा यावर अभ्यासकांत मतभेद आहेत आणि जनगणनेत खानदेशीची नोंद मराठीपासून वेगळी होते. मुलांना ती वेगळी भाषा म्हणूनच शिकवलीत तरी बिघडत नाही. मेळघाटातल्या कोरकू मुलांचं किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलांचं दुःख मात्र याहून मोठं आहे. त्यांच्या भाषांचं कूळच वेगळं, मराठी हीच त्यांना शाळेत पहिल्यांदा भेटणारी परकी भाषा. तिथे नुसत्या वहीने भागत नाही. त्यांची भाषा येणारा शिक्षक वर्गात लागतो.

आता आई. तुम्ही, तुमचे यजमान, बाई, सगळ्यांनी त्यांच्या बोलण्याचं काय करायचं याचा विचार केला. त्यांना कुणी विचारलं का? कदाचित त्यांना शहरातली मराठी शिकावीशी वाटत असेल, भाजीवाल्याशी, शेजारणीशी बोलताना अडत असेल. तसं असेल तर त्यांना ती शिकू द्या, हौसेने. कदाचित नसेल. पण हे त्यांनी ठरवायचं.

तुमच्या जिल्ह्यातलं गंगाखेड हे जनाबाईंचं गाव मानतात. दळता-कांडता जे सुचलं ते सातशे वर्षं टिकलं. आमच्या वऱ्हाडातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात महानुभावांनी मराठी गद्य लिहिलं. आपले शिष्य संस्कृतात लिहू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं, कारण संस्कृतामुळे त्यांच्या पंथातल्या म्हाताऱ्या बायका वंचित राहिल्या असत्या. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. त्या अभिमानाच्या मुळाशी जी मराठी आहे ती अशा म्हाताऱ्यांसाठी राखलेली होती. आज तुमच्या घरातली म्हातारी आतल्या खोलीत आहे.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. तुमच्या आईंच्या वयाच्या, शेतात राबणाऱ्या, बऱ्याचशा निरक्षर बायका. आईंना ओव्या येत असतील, नसतील तर त्यांच्या आईच्या आठवत असतील. फोनवर रेकॉर्ड करायला नातीला सांगा, मधे मधे थांबवून अर्थ विचारायला सांगा. पुण्यातल्या डेक्कन कॉलेजने मराठी बोलींचं सर्वेक्षण हाती घेतलं, त्यात ठिकठिकाणच्या माणसांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवलं आहे. ते आईंना ऐकवा. आपल्यासारखं बोलणारी माणसं तिथे आहेत आणि शिकलेले लोक ते मन लावून ऐकतायत, हे त्यांना कळू द्या.

पुढच्या वेळी मुलीच्या मैत्रिणी येतील तेव्हा तुम्ही घरी असा. आईंना बाहेर या असा आग्रह करू नका, लाज वाटलेल्या माणसाला ओढून आणलं की ते आणखी आत जातं. तुम्हीच सगळ्यांदेखत, मुलीला आणि तिच्या मैत्रिणींना ऐकू जाईल अशा आवाजात, आतल्या खोलीच्या दाराशी जा आणि जी भाषा तुम्ही बारा वर्षं फक्त फोनवर बोललात तिच्यात विचारा, "माय, अशी गप कामून बसायलीस?"